शब्द सुचवा : 'पिन्ना'ला काय म्हणावं?

रानजाई : पिन्ना म्हणजे बाहेर दिसणारा अख्खा कान. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) झालेल्या मुलांच्या पालकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. मुद्दा असा, की आवाज टिपून आत पाठवणाऱ्या, बाहेर लावायच्या प्रोसेसरचा मायक्रोफोन कानाच्या वर बसतो, आवाज पिन्नात शिरतच नाही, म्हणून हाक पुढून आली की मागून ते कळत नाही. मी 'कानाची पाळी' लिहिलं. एका आईने विचारलं, "म्हणजे कान टोचायचे नाहीत का?"

तळटीप : बरोबरच विचारलं. कुडी घालतात ती पाळी. बुगडी, भिकबाळीची जागा म्हणजे पाळी नव्हे.

उंबरठा : आमच्या शाळेच्या पुस्तकात अख्ख्या बाहेरच्या कानाला पाळीच होतं की!

जुनीवही : पुस्तक चुकलं. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याच्या अध्यायातली 'पाली' म्हणजे खालचा मऊ भाग. अख्ख्या कानाला 'कर्णशष्कुली' म्हणा. आणि 'मायक्रोफोन' कशाला? ध्वनिग्राहक!

उंबरठा : पालक त्या सगळ्याला 'मशीन' म्हणतात. कर्णशष्कुली वाचून पत्रक घडी घालून पर्समध्ये.

कानोसा : मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ). आम्ही 'बाहेरचा कान' म्हणतो, पण पालकांना तेही मशीनच वाटतं, कारण ते बाहेर लावतात! शब्द कुठलाही घ्या, कानाच्या वळ्यांचा उल्लेख हवा. साधारण ४-५ किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज त्या वळ्यांवर आपटून बदलतात, त्यावरूनच पुढचं-मागचं, वरचं-खालचं कळतं. टी-माइक हा काही प्रोसेसरना लावायचा माइक कानाच्या भोकाशी येतो, म्हणून तिथे वळ्या कामी येतात. उलट डोक्याला चिकटवायच्या राँडोसारख्या प्रोसेसरचा माइक कानापासून लांबच. डावं-उजवं हा निराळा विषय. दोन्हीकडे इम्प्लांट असेल तर कुठल्या बाजूला आवाज मोठा, त्यावरून मुलं अंदाज बांधतात. पण दोन्ही प्रोसेसर मोठा आवाज आपापला दाबतात, की तोही फरक पुसट होतो. तेव्हा 'दिशा कळत नाही' असं सरसकट लिहू नका.

रानजाई : तसंच लिहिलं होतं, बदलते. मग 'कानाचा पसरट भाग' चालेल?

जुनीवही : वर्णन झालं, संज्ञा नाही झाली.

तळटीप : शष्कुली म्हणजे तळणीचा पदार्थ ना? मला तर वाटतं शंकरपाळी तिथूनच आली. शिवाय त्यात पाळीही आहे!

जुनीवही : व्युत्पत्ती अशा घरच्या घरी तळू नका.

उंबरठा : शंकरपाळी की शंकरपाळे? आमच्याकडे पाळे.

तळटीप : एक असेल तर पाळं. पण एकच कोण खातं?