बटरफ्लाय व्हॉल्व्हची डिस्क शाफ्टवर ढिली होतेय, मदत हवी आहे

मंडळी, पाण्याच्या लाईनवरच्या ८ इंची बटरफ्लाय व्हॉल्व्हची डिस्क (आत फिरून पाणी अडवणारी गोल चकती) शाफ्टवर टेपर पिनने, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पिनने बसवलेली आहे, पण पिन हळूहळू सैल होते आणि मग हँडल पूर्ण बंद दाखवतं तरी आत डिस्क जराशी उघडीच, पाणी चालूच राहतं. पिनेची भोकंही आता लांबट झालीत. डिस्क नि शाफ्ट एकत्र धरून १:५० चा टेपर रीमर (पिनेच्याच उताराचं निमुळतं भोक कापणारं हत्यार, ५० मिमी लांबीला व्यासात १ मिमी फरक) फिरवायचा आणि एक साइज मोठी पिन टाकायची, हे चालेल ना? कुणी म्हणतं सरळ वेल्ड मार, पण मग शाफ्ट बाहेर काढणार कसा, आणि डिस्क तापून वाकली तर सीलिंगची वाटच लागेल. पिन सुटून पाईपात जाऊ नये म्हणून तुम्ही काय करता, बारीक टोक ठोकून पसरवता की आटेवाली पिन घेऊन नट लावता?