दुसऱ्यांची श्रद्धा बाहेरून कळते का? आपले अनुभव लिहा

पार्काजवळची
6 डिसेंबरच्या गर्दीबद्दल आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षीप्रमाणे कुरकुर सुरू झाली आणि एक जुनी आठवण जागी झाली. चैत्यभूमीचे दर्शन घेऊन आलेल्या विदर्भातल्या एक आजी मला शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर भेटल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती; तरीही त्यांनी कनवटीची चुरगळलेली नोट काढून नातवासाठी संविधानाची प्रत घेतली, ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळली आणि मगच जेवण कुठे मिळते, अशी चौकशी केली. आधी पुस्तक आणि मग जेवण, हा क्रम माझ्या मनात कायमचा राहिला. मात्र मला त्यांची श्रद्धा कळली, की केवळ तिची तीव्रता दिसली, हे ठरवता येत नाही. वेगळ्या धर्माच्या किंवा राजकीय मताच्या माणसांबद्दलचे आपले अनुभव कृपया लिहा.

वरळीची लेक
ताई, तुम्हाला तीव्रताच दिसली, असे मला वाटते. आम्ही बीडीडी चाळीतले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर माझ्या आजीने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून वरळीच्या समुद्रात सोडले आणि तिची सासू कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही, हे घरच्यांनाच ठाऊक असते. देव सोडताना भीती वाटली नाही का, असे कॉलेजातल्या मैत्रिणी विचारत. आजीला भीती वाटली होती. ज्या देवाच्या पायरीवर तिला उभे राहू दिले नव्हते, त्याचीच तिला भीती होती, आणि तरीही तिने ते केले. या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेणारा बाहेरचा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मुलुंडचा डॉक्टर
आमच्या मजल्यावरच्या एका जैन आजींनी संथारा, म्हणजे मरेपर्यंत अन्नपाणी सोडण्याचे व्रत, घेतला, त्याच सुमारास, म्हणजे ऑगस्ट 2015 मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. मी रोज त्यांची नाडी पाहत असे. सलाइन लावावे, असे माझे हात म्हणत होते आणि त्या हात जोडून नको म्हणत होत्या. घरात रडारड नव्हती. स्तवने चालली होती आणि नातेवाईक येऊन क्षमा मागून जात होते. त्यांचे तत्त्वज्ञान मी वाचले आणि ते मला समजलेही, परंतु पटले नाही. समजणे आणि पटणे वेगळे ठेवता येते, हे मात्र त्या आजींमुळे मला कळले.

माहीमकर
डबे भरता भरता लिहिते आहे, म्हणून थोडक्यात सांगते. माहीमच्या मखदूम शाहबाबांच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. वडील खात्यात होते, विठ्ठलाचे भक्त होते आणि त्या मिरवणुकीत मोठ्या अभिमानाने चालत. दर्ग्याविषयी त्यांना विचारले, की ते म्हणत, "मान आपल्याकडे आहे, तो नीट सांभाळायचा."

लालबागचा नातू
बाहेरचा कोण, हा प्रश्न आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतही होता. आजोबा लाल बावट्याचे, वडील शिवसेनेचे शाखाप्रमुख, आणि दोघेही गिरणी कामगार. निवडणुकीच्या दिवसांत आजी दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढत असे. जानेवारी 1982 चा संप सुरू झाल्यावर दोघांचाही पगार थांबला, तरी दोघांनी आपापले मत सोडले नाही. रक्ताच्या माणसाचे राजकारण वडिलांना कळले नाही, तर जवळीक असली म्हणजे समज येते, हे मी कसे मानू?

वरळीची लेक
नातूदादा, आजी स्वतः कोणाला मत देत होत्या, हे कोणी त्यांना कधी विचारले होते का? आणि डॉक्टर, त्या जैन आजींच्या सुनेला काय वाटत होते, हेही जमल्यास लिहा. आमच्या घरात तर सगळा ताण सासू-सुनांनीच सोसला होता.