२०११ चा आय५ की भाच्याचा एन१००?

छापखानेवाला
लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकाची जुळणी, असं आमचं छोटं दुकान. कॉम्प्युटरचं मशीन २०११ चं: इंटेल कोअर आय५-२४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, चार वर्षांपूर्वी हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकली. परवा भाचा तळहातावर मावेल असा मिनी पीसी घेऊन आला. आत २०२३ चा इंटेल एन१०० प्रोसेसर. म्हणतो, "मामा, हा तुमच्या डब्याला मागे टाकतो."

कसा टाकेल? कोअर, म्हणजे चिपमधले हिशोब करणारे भाग, दोन्हीकडे चार. माझा ३.१ वरून ३.४ गीगाहर्ट्झपर्यंत (सेकंदाला इतके अब्ज ठोके) चढतो, त्याचीही उडी ३.४ पर्यंतच. कॅश (चिपमधली झटपट मेमरी) दोघांची ६ एमबी. वर माझा ९५ वॅटचा, त्याचा ६ वॅटचा. सहा वॅटवर आमच्या देवघरातला दिवा लागतो. माझं मत सांगून टाकतो: २०११ नंतर प्रोसेसर सुधारला नाही, खोक्यावरचे आकडे सुधारले. मशीन पळायला लागलं ते एसएसडीमुळे. पटत नसेल तर पटवून द्या.

खटपट्या
गीगाहर्ट्झला गीगाहर्ट्झ लावून प्रोसेसर जोखायचे दिवस २००६ लाच संपले. २००४ चा पेन्टियम ४ (प्रेस्कॉट) ३.८ गीगाहर्ट्झपर्यंत गेला होता. दोन वर्षांनी आलेल्या २.४ गीगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने त्याला धूळ चारली. कारण प्रेस्कॉटची पाइपलाइन, म्हणजे एकेक सूचना उरकायची साखळी, ३१ टप्प्यांची. पंगतीत ३१ वाढपी एकामागोमाग निघालेत आणि शेवटी कळलं की ही पंगत उपवासवाल्यांची, तर सगळ्यांनी भांडी घेऊन मागे फिरायचं. पुढची सूचना कोणती हा प्रोसेसरचा अंदाज चुकला की हेच होतं. एका ठोक्यात किती काम उरकतं ते बघा, ठोके किती पडतात ते नको.

छापखानेवाला
पण तो पेन्टियम ४ फसलेलाच होता. माझा सँडी ब्रिज (आय५-२४०० च्या पिढीचं नाव) त्याच्या पुष्कळ नंतरचा, चांगला निघालेला. फसलेल्याचं उदाहरण देऊन चांगल्याला कसं हरवता?

रातराणी
छापखानेवाल्यांशी निम्मी सहमत. २०११ चा आय७-२६००के आणि २०१७ च्या जानेवारीतला आय७-७७००के शेजारी ठेवा: दोन्ही चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). सहा वर्षं दर पिढीला चिमूटभर वाढ. इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीचे आठ कोअरवाले रायझन प्रोसेसर २०१७ च्या मार्चमध्ये आले, आणि त्याच वर्षी इंटेललाही नेहमीच्या डेस्कटॉपच्या आय७ मध्ये सहा कोअर द्यावेसे वाटले. हा योगायोग समजायचा का?

आणि नवं म्हणजे बिनघोर असंही नाही. १३ व्या-१४ व्या पिढीतले महागडे आय९ २०२४ मध्ये व्होल्टेजच्या गडबडीने कोसळत होते, शेवटी इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. शिवाय एन१०० ला मेमरीचा एकच चॅनल (मेमरीकडे जायची वाट) असतो. आय५-२४०० ला दोन.

खटपट्या
चॅनल मोजताय, रुंदी मोजा. त्यांची डीडीआर३-१३३३ मेमरी दोन चॅनलवर सेकंदाला साधारण २१ जीबी. एन१०० ला एकच डीडीआर४-३२०० ची पट्टी लावली तरी साडेपंचवीस.

सँडी ब्रिज ३२ नॅनोमीटरच्या कोरणीचा, त्या काळी उत्तमच. एन१०० चे कोअर आकाराने चिमुकले, पण ठोक्यागणिक साधारण इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीइतकं काम उरकतात. म्हणून एका कोअरच्या कामात तो तुमच्यापेक्षा जरा पुढे. जराच. भाच्याने "मागे टाकतो" म्हणताना छाती जास्त फुगवली. खरा फरक पाहायचा तर २०२२ चा आय३-१२१०० लावा, तो एका कोअरवर तुमच्या जवळपास दुप्पट जातो.

गप्पिष्ट
चहा टाकलाय. चालू द्या.

छापखानेवाला
काल दोन्ही मशीनवर एकच ३०० पानी अहवाल पीडीएफला लावला. टास्क मॅनेजर उघडून बसलो. चार कोअरच्या चार आलेखांपैकी एकच टोकाला चिकटलेला, बाकीचे तीन पेंगत होते. दोन्ही मशीनवर तेच. भाच्याचं आधी आटोपलं, पण माझ्या कपात चहा उरला होता तेवढ्यात माझंही झालं. एवढ्यासाठी मशीन बदलू?

मात्र कबूल करतो, यूट्यूब लावलं की माझा पंखा घरघरतो आणि त्याचं खोकं गप्प असतं.

खटपट्या
घरघरणारच. आजचे व्हीपी९ आणि एव्ही१ पद्धतीने आवळलेले व्हिडिओ उलगडायची सोय तुमच्या चिपच्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळं कोअरच्या डोक्यावर. एन१०० मध्ये त्यासाठी वेगळा भाग कोरलेला आहे.

विजेचंही बघा. त्याच पिढीचा माझा डबा नुसता चालू असताना मीटरवर ४५ वॅट दाखवायचा, मिनी पीसी १० च्या आसपास. फरक ३५ वॅट, दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस: १०५ युनिट. युनिट १० रुपये धरा.

रातराणी
म्हणजे वर्षाला हजार-पन्नास. भाच्याने किती मोजले ते विचारा आणि भागाकार करा. आणि ते ६ वॅट छापील आहेत. मिनी पीसीवाले मर्यादा वाढवून ठेवतात, जोर लावला की तो बराच वर जातो. ६ वर खरंच बांधलात तर चारही कोअर ३.४ वर टिकायचे नाहीत.

खटपट्या
मान्य. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, आय५-२४०० दुसरीतला. शिवाय २०१८ च्या मेल्टडाउन-स्पेक्टर या चिपमधल्या सुरक्षेच्या भोकांना लावलेल्या पॅचनंतर जुन्या चिपच्या वेगाला जास्त झळ बसेल असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर त्याच मशीनला लागतात ना?

रातराणी
विंडोजऐवजी लिनक्स टाका, नेट चालेल.

छापखानेवाला
लिनक्सवर आमचं फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडत नाही, बाई. पेनड्राइव्हचा मुद्दा मात्र लागला. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

म्हणून आज भाच्याला म्हटलं, चल, तुझ्याच खोक्यावर बसवू सगळं. तासभर खटाटोप झाला. मग मी माझ्या डब्यामागचं डोंगल काढून त्याच्या हातात ठेवलं. सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय एक अक्षर उमटवत नाही. २५ पिनांचं, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारं. त्याने ते खोक्याभोवती चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं, प्रिंटर ओळखला, डोंगल नाही.

खटपट्या, तुमचं सगळं मान्य. आता हे लावायचं कुठे तेवढं सांगा.