‘व्हिप फिनिश’ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न

मी कॅलगरीत राहतो. बो नदी गावातूनच वाहते, त्यामुळे ट्राउटचा नाद लागला आणि त्यापाठोपाठ फ्लाय बांधायचाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लाय म्हणजे बारक्या गळावर पिसं, केस, लोकर दोऱ्याने आवळून केलेली नकली माशी. (माशी दाखवून मासा धरायचा, भाषेनेच सोय करून ठेवली आहे.)

सध्या बाबा आलेत. मूळचे मालवणचे, आयुष्यभर गरी टाकून मासे गरवलेले. त्यांना हे शिकायचंय, पण इंग्रजी पुस्तक नको म्हणतात. म्हणून मराठीत दोन पानं लिहायला घेतली आणि शेवटच्या पायरीवर अडलो. माशी बांधून झाली की गळाच्या नेढ्यामागे दोऱ्याचा शेवट करावा लागतो. त्याचे दोन प्रकार. एक ‘हाफ हिच’, त्याला मी ‘अर्धगाठ’ लिहिलं. दुसरा ‘व्हिप फिनिश’. त्याला ‘चाबूकगाठ’ लिहिलं, तर बायको अजून हसतेय. काय लिहू?

प्रतिसाद

बायको बरोबर आहे. इथे चाबकाचा काही संबंध नाही. इंग्रजीत ‘व्हिप’ या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे: दोरा एकाला एक लगटून, फट न ठेवता गुंडाळत जाणे. जहाजावर दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून त्यावर बारीक दोरी गुंडाळतात ते ‘व्हिपिंग’. तुमची माशी त्याच घराण्यातली.

आपल्याकडे हे सगळ्यांनी पाहिलंय, फक्त नाव विचारलं नाही. बॅटच्या दांड्याला दोरा गुंडाळताना शेवटचे काही वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास दांड्यावर आडवा ठेवायचा, त्याच्यावरून उरलेले वेढे घ्यायचे, टोक फासात घालायचं आणि फास खेचायचा. टोक वेढ्यांखाली गडप. आमच्या गल्लीत एक दादा हे करायचे आणि आम्ही तोंड उघडं टाकून बघायचो. त्याला ते ‘दोरा जिरवणे’ म्हणत. तेव्हा ‘जिरगाठ’ कशी वाटते?

प्रतिसाद

‘व्हिप फिनिश’च लिहा की. टेबलाला टेबल म्हणतोच ना?

धागाकर्ता

नाम चालेल हो, क्रियापदाचं काय करू? ‘व्हिप फिनिश करा’ लिहिलं तर बाबा विचारणार, म्हणजे नक्की काय करू. त्यांना कृती कळायला हवी.

प्रतिसाद

मासे मी फक्त ताटात ओळखते, पण हे वाचून पटवेकऱ्यांची आठवण झाली. मंगळसूत्र, ठुशी किंवा पोहेहार ‘गाठवून’ आणतात ना, ते काम. आमच्या पेठेत एक पटवेकरी काका बसायचे. आईची पोत तुटली की मी त्यांच्याकडे घेऊन जायची. रेशमाच्या दोऱ्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ते ताणून धरायचे आणि त्यावर दुसरा दोरा असा झरझर फिरवायचे की बोटं दिसायची नाहीत. शेवटी एक हिसका. मी लहान असताना गाठ शोधत बसायची. सापडायची नाही.

म्हणजे गंमत बघा, कामाचं नाव ‘गाठवणं’ आणि कसब गाठ न दिसण्यात. तेव्हा ‘माशी गाठवून घ्या’ असं लिहिता येईल का?

धागाकर्ता

ताई, शब्द फार आवडला. पण गाठवणे म्हटलं की मणी ओवण्यापासूनचं सगळं काम आलं. मला फक्त तो शेवटचा हिसका हवाय.

प्रतिसाद

मुळात ही गाठ आहे का, ते आधी ठरवा. मराठीत गाठ म्हणजे सुरगाठ किंवा निरगाठ. एक टोक ओढल्यावर सुटते, दुसरी सुटता सुटत नाही. पण दोन्हींत दोऱ्याचं टोक कुठून तरी आरपार जातं. व्हिप फिनिशमध्ये रिळाकडचं टोक कशातूनच जात नाही. नुसता फास नेढ्यावरून पुन्हा पुन्हा फिरवतात.

करून बघा. पेन्सिलीवर पाच-सहा वेढ्यांचं व्हिप फिनिश घ्या, घट्ट ओढा, मग सगळं अलगद पेन्सिलीवरून सरकवून काढा आणि दोन्ही टोकं खेचा. हातात सरळ दोरा राहतो. तुमची ‘अर्धगाठ’ही तशीच टाकलेली असते, नेढ्यावरून फास घालून, म्हणून तीही अशीच उलगडते. गळ आहे म्हणून पकड आहे. तेव्हा ‘जिरगाठ’ला माझा आक्षेप ‘जिर’ला नाही, ‘गाठ’ला आहे.

धागाकर्ता

आत्ता पेन्सिलीवर करून पाहिलं. खरंच सरळ दोरा! दहा वर्षं बांधतोय, हे कधी सुचलं नव्हतं.

याच्यावरून दोन्हींतला फरकही नीट सांगता येतो. अर्धगाठीत दोऱ्यावर एकच वेढा बसतो, म्हणून लागोपाठ दोन-तीन टाकाव्या लागतात, आणि तरी वर वार्निशचा थेंब नसेल तर त्या सैल होतात. त्यासाठी हत्यारही लागत नाही, रिफिल काढलेल्या बॉलपेनची नळी पुरते: तिच्यावर दोऱ्याचा वळसा घ्यायचा, नळीचं तोंड नेढ्यावर टेकवायचं आणि वळसा पुढे ढकलायचा. व्हिप फिनिशमध्ये पाच-सहा वेढे स्वतःच्याच टोकाला दाबून धरतात. १४ नंबरच्या गळावर हे सगळं नखाच्या टोकाएवढ्या जागेत चालतं.

हाताने करताना तर्जनी आणि मधल्या बोटावर दोरा असा घ्यायचा की इंग्रजी चारचा आकडा दिसतो, मग त्या चारची आडवी रेघ गळाच्या दांडीला धरून बोटं नेढ्याभोवती फिरवायची. शेवटी फास आवळताना त्यात सुई धरून ठेवायची, नाहीतर दोरा पीळ खाऊन अडकतो. हत्यार तेच करतं. मी वापरतो ते मॅटारेली पद्धतीचं आहे: वाकवलेली तार, टोकाला बारीक आकडा, मध्ये एक बाक, आणि मूठ धरली की तार तिच्यात मोकळी फिरते.

प्रतिसाद

या हत्याराला ‘आकडी’ म्हणा. क्रोशाच्या सुईला आमच्या घरी आकडीच म्हणतात. ‘व्हिप फिनिशक’ वगैरे सरकारी काही काढू नका.

प्रतिसाद

एक शंका. कोकणात बऱ्याच गऱ्यांना नेढं नसतंच, दांडीचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं. तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) तिथे बांधतात कशी? दांडीवर वेढे घेऊन, टोक वेढ्यांखाली दाबून. रचना हीच झाली. म्हणजे धागाकर्त्याच्या वडिलांना हे आधीपासून येत असणार. त्यांनाच विचारा की!

धागाकर्ता

विचारलं. खरं तर पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

समोर बसून एक माशी पूर्ण केली, आकडीने नाही, हातानेच, सावकाश. ते चष्मा कपाळावर चढवून बघत होते. म्हटलं, बाबा, ह्या गाठीला काय म्हणायचं? म्हणाले, “शेंडो पोटात घेतलंस मां, मगे गाठ कित्याक म्हणतंस?”

पेन्सिलवाल्या प्रतिसादाशी त्यांची ओळख नाही हे सांगूनही तुम्हाला पटणार नाही.

तर पानावर आता असं लिहिलंय: ‘नेढ्यामागे पाच वेढे घ्या. शेंडा पोटात घ्या. दोरा ओढून अगदी मुळाशी कापा. वर वार्निशचा एक थेंब, नेढं बुजू देऊ नका.’ कंसात व्हिप फिनिश, दुकानात मागायला. आकडी बाबांनी एकदा हातात घेऊन फिरवून पाहिली आणि डबीत परत ठेवली.