सोनचाफा सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव – महिला ग्रुप (खजिनदार काका पण आहेत)

मेधा (३०२): नमस्कार मंडळी. परवाच्या हळदीकुंकवाचे फोटो बघितलात काय? सातला लावलेली हिरवी आयशॅडो आठला पापणीच्या घडीत. प्रत्येक फोटोत डोळ्यावर एक हिरवी रेघ. मेकअप कुणी केला ते मी बोलत नाही.

रूपा (पार्लर, २०४): बोलत नाही म्हणून सगळं बोललीस की गे. रंगाखाली आधी प्रायमर लावते म्हटलं, तर "वेळ नाही, रंग मार" कोण म्हणालं?

खजिनदार काका: जेवणाची वर्गणी प्रति घर 300 रुपये. बाकी असलेल्यांनी आज द्यावी.

सुलभाकाकू: प्रायमर कशाला? डाग झाकतो तो कन्सीलर लावायचा. तेच काम होतं.

विद्या (१०१): प्रायमर म्हणजे भिंतीला मारतात तो?

खजिनदार काका: पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. नाहीतर पोपडे धरतात.

रूपा: काकांना समजलं बघा. पापणीची कातडी पातळ, तिला तेल सुटतं, वर दिवसभर उघडझाप. तेलात रंग कालवला जातो आणि घडीत जाऊन बसतो. प्रायमरमधलं डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉन, गुळगुळीत थर धरतं. काहींत सिलिका असते, ती तेल शोषते.

मेधा: ते टिकण्याचं झालं. पण माझा रंग लावला तेव्हापासूनच मळकट होता.

रूपा: आपल्या पापण्या मुळात सावळ्या, निळसर-तपकिरी. त्यावर फिका हिरवा मळकाच दिसणार. कातडीच्या रंगाचा, दाट झाकणारा प्रायमर घे, पारदर्शक नको. आणखी उठाव पाहिजे तर पांढरा बेस. गुलाबी, पोपटी, आकाशी त्यावर खुलतात.

सुलभाकाकू: कन्सीलर लावायचा. तेच काम होतं.

रूपा: काकू, बहुतेक कन्सीलर मऊ राहतात, तेच आधी घडीत जातात. लावायचाच तर नखभर, आणि वरून पावडर.

महादेवी अक्का (४०१): हौदु, माझंपण तसंच झालं. पण तेलकट नाही गे, माझ्या पापण्या कोरड्या. मॅट, म्हणजे बिनचमकीचं कोरडं, लावलं की सुरकुत्या दिसतात.

रूपा: अक्का, तुम्हाला क्रीमसारखा मऊ, तोही अगदी पातळ. मॅट मेधासाठी. आणि स्नेहलसारखी चमकी लावणार असाल तर चिकट राहणारा वेगळा ग्लिटर प्रायमर येतो, साध्यावर चमकी गालावर पडते.

स्नेहल (१०४): माझं नाव कशाला?? कपाटातली क्राफ्टची चमकी होती ती, मुलीची.

रूपा: ती डोळ्याला?? डोळा गमवायचाय काय!

स्नेहल: तुम्ही एकच स्पंज सगळ्यांच्या डोळ्यांवर फिरवलात, ते चालतं?

(यानंतर मेसेज डिलीट केला आहे)

विद्या: राकसकोप धरणाचं पाणी आलंय, मोटर लावली.

खजिनदार काका: 300 रुपये.

मेधा: भांडू नका. कुठला घेऊ ते सांगा. पुण्याची बहीण मॅक कंपनीचा पेंट पॉट म्हणते.

रूपा: तो खरं म्हणजे क्रीम आयशॅडो, पण बेस म्हणून पुष्कळ जणी वापरतात, घट्ट सुकतो. अर्बन डिकेचा प्रायमर पोशन मात्र प्रायमरच. महाग वाटला तर स्वस्तातला घे, पण एका डोळ्याला लाव, दुसऱ्याला नको. दोन्हीवर तीच शॅडो. गॅससमोर पोळ्या लाटून ये, मग बघ.

मेधा: लावायचा किती?

रूपा: मुगाएवढासुद्धा नको. अनामिकेने थोपट, घासू नको. अर्धा-एक मिनिट डोळे मिटून थांब, मग पावडर शॅडो दाबून बसव. खाली व्हॅसलीन-क्रीम असलं तर कुठलाही प्रायमर सरकणारच. आणि मागची उघड्या डबीची खूण बघ. 12 एम लिहिलं असेल तर उघडल्यावर 12 महिने. कुणाला उसना देऊ नको.

स्नेहल: स्पंजसुद्धा.

रूपा: बरं बाई, स्पंजसुद्धा. पुढच्या वेळी स्वतःचा घेऊन या सगळ्यांनी. आणि खुर्चीत बसल्यावर "लवकर कर" म्हणायचं नाही.

सुलभाकाकू: पण कन्सीलर...

महादेवी अक्का: सुलभा, तू लाव की. कोण अडवतंय.

खजिनदार काका: स्नेहल, विद्या, सुलभाताई. 300.

विद्या: काका, मोटर कुणीतरी बंद करा आधी, टाकी वाहतेय!