शब्दचर्चा: 'डेटा बाइंडिंग'ला बांधणी, जोडणी की सांगड?

प्रश्न: स्प्रिंग एमव्हीसीवर (जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिण्याच्या फ्रेमवर्कवर) मराठीतून टिपणे लिहितो आहे. कर्मचाऱ्याच्या फॉर्ममध्ये ड्रॉपडाउनमधून 'लेखा' निवडले की 'कर्मचारी' ऑब्जेक्टच्या आत 'विभाग' ऑब्जेक्ट जाऊन बसते, त्या क्रियेला बाइंडिंग म्हणतात. 'बांधणी' म्हटले की पुस्तक डोळ्यांसमोर येते आणि 'बंधन' म्हणजे तर मनाईच. काय लिहावे?

उत्तर १: 'जोडणी' लिहा. नळाची, विजेची जोडणी सगळ्यांना माहीत आहे.

उत्तर २: 'जोडणी' नको. डेटाबेसची जोडणी आपण आधीच म्हणतो, एकाच पानावर दोन्ही आल्या की घोटाळा होईल.

शब्दाआधी क्रिया नीट पाहू या. ब्राउझर ऑब्जेक्ट पाठवत नाही. पर्यायाची 'व्हॅल्यू' 3 आणि दिसणारा मजकूर 'लेखा' असेल, तर सर्व्हरला 'विभाग=3' एवढेच मिळते; 'लेखा' हा शब्द तिकडे जातच नाही. पुढे स्प्रिंग दोन निरनिराळी कामे करते. एक, फील्डचे नाव पाहून ऑब्जेक्टमधली त्याच नावाची प्रॉपर्टी शोधते. दोन, '3' या स्ट्रिंगपासून 'विभाग' तयार करते. आकडे, तारखा, ईनम (ठरावीक पर्यायांचा प्रकार) यांची सोय आधीपासून असते, पण आपल्या स्वतःच्या क्लाससाठी सहसा आपल्यालाच कन्व्हर्टर (हे रूपांतर करणारा क्लास) लिहून तो नोंदवावा लागतो. स्प्रिंग 3.0 च्या आधी हेच काम प्रॉपर्टीएडिटरने करत; जुन्या प्रोजेक्टमध्ये तो अजूनही भेटतो. कन्व्हर्टर नसेल तर 'टाइप मिसमॅच' (प्रकार न जुळल्याची चूक) येतो. ती चूक बाइंडिंगरिझल्टमध्ये (अशा चुकांची नोंद ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) हवी असेल, तर कंट्रोलरच्या मेथडमध्ये तो पॅरामीटर मॉडेल ऑब्जेक्टच्या (फॉर्मची माहिती ज्यात भरली जाते त्याच्या) लगेच पुढे ठेवावा लागतो.

नवशिके अडतात ते नेमके इथेच. एकच शब्द दोन्ही कामांवर पसरला की ड्रॉपडाउनमध्ये ऑब्जेक्टच ठेवले आहे असे वाटू लागते. म्हणून पहिल्या कामाला 'सांगड घालणे' आणि दुसऱ्याला 'रूपांतर' म्हणा, असा माझा आग्रह आहे. सांगड म्हणजे मुळात पाणी तरून जाण्यासाठी एकत्र बांधलेले भोपळे किंवा होड्या. बांधल्या तरी दोन्ही वस्तू वेगळ्याच राहतात. फॉर्म आणि ऑब्जेक्ट यांचेही तसेच आहे.

प्रश्नकर्ता: पटले. मग संपादनाच्या फॉर्मवर कर्मचाऱ्याचा जुना विभाग निवडलेला दिसतो, ती उलटी सांगड म्हणायची का?

उत्तर २: हो, सांगड दोन्ही बाजूंनी असते, म्हणूनही हा शब्द मला हवा आहे. तिथे स्प्रिंगचा फॉर्म टॅग प्रत्येक पर्यायाची ऑब्जेक्टमधल्या व्हॅल्यूशी तुलना करतो. म्हणून 'विभाग' क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट सारखी मानायची का हे ठरवणाऱ्या मेथड) आयडीवरून लिहा. शीर्षकात मात्र 'डेटा बाइंडिंग'च असू द्या. क्लासच्या नावांत आणि एररमध्ये विद्यार्थ्याला तेच दिसणार आहे.

उत्तर ३: अनेक पर्याय निवडता येणाऱ्या यादीबद्दलही लिहा. वापरकर्त्याने सगळे पर्याय काढून टाकले तर ब्राउझर त्या फील्डचे नावसुद्धा पाठवत नाही. सांगड घालायला दुसरे टोकच उरत नाही आणि ऑब्जेक्टमध्ये जुनी निवड तशीच राहू शकते. त्यासाठी स्प्रिंगचा टॅग नावाआधी अंडरस्कोअर लावलेले एक लपलेले फील्ड स्वतःहून घालतो. साध्या एचटीएमएलमध्ये यादी लिहिली असेल तर ते फील्ड हाताने घाला.