टोलाचं घड्याळ तासभर मागे कसं घ्यायचं?
मंडळी, मदत हवी आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे उन्हाळ्यासाठी मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे नेतात आणि हिवाळ्याआधी परत मागे घेतात; म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ चा १ होणार. फोन, लॅपटॉप आपापलं बघून घेतात, ओव्हनचं बटण दाबलं की झालं. अडलंय ते सासऱ्यांनी साताऱ्याहून आणलेल्या लंबकाच्या घड्याळापाशी. मार्चमध्ये सोपं असतं, काटा सावकाश पुढे न्यायचा, टोल पूर्ण होऊ द्यायचे. पण मागे? काटे उलटे फिरवले तर टोलाची यंत्रणा बिघडते म्हणे. मग लंबक तासभर थांबवून ठेवावा, की अकरा तास पुढे न्यावं, सगळे टोल ऐकत? (भिंतीपलीकडे शेजारी आहेत हो!) कोणी केलंय का? शिवाय भारताशी फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो; तुम्ही घरी फोन इथल्या वेळेने करता की तिथल्या?